गडावरील २७०

दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये ग्वाल्हेरास स्थिरावली व तिचेच पुढे लष्कर शहर झाले. पाटणकर बाजारातील आपल्या बहुतेक घराण्यांचे या भूमीशी नाते तेथपासूनचे. त्याच्याही ९३४ वर्षे आधी गडावर एका पाथरवटाने २७० ही संख्या कोरली होती.

ती आहे चतुर्भुज मंदिरात. आपण लष्करवाले गाडीने गडावर जातो ते बहुधा उरवाई दरवाज्याने. आणि एकाच खडकातून कोरलेले हे छोटेखानी देऊळ पूर्वेकडील पायवाटेवर, लक्ष्मण दरवाज्याजवळ. म्हणून ते आपल्या दृष्टीआडच राहिले. प्रतिहार राजा भोज याच्या कारकिर्दीत गडाचा रक्षक अल्ल याने ते करविले. तेथील संवत ९३३ चा, म्हणजे इ. स. ८७६ चा संस्कृत लेख दानांचा आहे. नगरीने फुलबागेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद जमीन दिली, आणि माळ्यांनी रोज ५० माळा द्याव्यात असे ठरले. २७० व ५० यांतील शून्ये म्हणजे इतर अंकांहून लहान अशी वर्तुळे होत.

हेच जगातील सर्वांत जुने शून्य, असे पाहुण्यांना सांगण्याचा मोह आपल्याला होतो. तो आवरावा. कंबोडियातील एका शिलालेखात शके ६०५, म्हणजे इ. स. ६८३, हे वर्ष लिहिताना शून्यासाठी टिंब आले आहे. आणि ब्रह्मगुप्ताने शून्याचे गणिती नियम ६२८ मध्येच सांगितले होते. आपल्या शिळेचे मोल निराळे आहे. येथे शून्य पंडिताच्या पोथीत नसून जमिनीच्या मापात व माळ्यांच्या हिशेबात आहे. गावाला ते अंगवळणी पडले होते.

ते शून्य पुसले तर उरतात २७. बाग एक दशांश होते, हे तर कोणीही सांगेल. पण संख्येचा स्वभावही पालटतो. २७ ला १, ३, ९, २७ हे चारच विभाजक. शून्य जोडताच २ आणि ५ हे नवे अवयव येतात व विभाजक सोळा होतात: १, २, ३, ५, ६, ९, १०, १५, १८, २७, ३०, ४५, ५४, ९०, १३५ व २७०. यांचे एककस्थानचे अंक पाहावेत. ० पासून ९ पर्यंत सर्व अंक हजर आहेत! असे घडणारी ही सर्वांत लहान संख्या होय. कारणही सोपे आहे. शेवटी शून्य हवे, म्हणून संख्या दहाच्या पटीत हवी. दहाने भागल्यावर उरणाऱ्या अवयवाला ७ ने संपणारा आणि ९ ने संपणारा असे दोन्ही विभाजक हवेत. ७ व ९ घेतले तर तो अवयव निदान ६३ होतो. एकटे २७ मात्र दोन्ही कामे करते, कारण ९ त्याच्या पोटातच आहे.

आणखी एक नवल. विभाजकांची बेरीज ७२०, त्यांची संख्या १६. २७० ला १६ ने गुणून ७२० ने भागले की नेमके ६ येतात. असा भागाकार निःशेष जाणे विरळा. ६, २८, ४९६ या परिपूर्ण संख्यांत ते नेहमीच घडते. २७० परिपूर्ण नसूनही त्या पंक्तीत बसते. नॉर्वेचे गणिती ओरे यांनी १९४८ मध्ये अशा संख्यांचा विचार मांडला.

नगरीने हे गुण पाहून ही लांबी निवडली असेल काय? मला तसे वाटत नाही. तिच्या शेजारची रुंदी १८७ आहे, म्हणजे ११ गुणिले १७. तिच्यात कसलीही सोय नाही. जमीन जशी होती तशी हाताने मोजली, आणि जो आकडा आला तो पाथरवटाने कोरला.