गवत, कौल, पत्रा: जव्हार-मोखाड्यातील घरांची छपरे

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा पट्ट्यात घराचा आकार ठरवला तो पावसाने. या डोंगराळ भागात जून ते सप्टेंबर या काळात सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि वाऱ्याबरोबर तो आडवाही मारतो. त्यामुळे या पट्ट्यातील साखरशेत गावातील आणि आसपासच्या पाड्यांवरील जुन्या घरांची पाखी चांगलीच उतरती असत आणि वळचण इतकी खाली आणलेली असे की आत शिरताना वाकावे लागे. भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून शेण-मातीने लिंपलेल्या. त्या भिजल्या की घर गेले, म्हणून त्यांना झाकणे हे छपराचे पहिले काम.

छपराचा भार मात्र कुडावर नसे. तो मेढींवर असे. मेढ म्हणजे वरच्या टोकाला नैसर्गिक बेचके असलेला सागाचा किंवा ऐनाचा खांब. त्या बेचक्यात आढे बसवायचे, आढ्यावरून दोन्ही अंगांना वासे सोडायचे, वाशांवर बांबूच्या कामट्या आडव्या बांधायच्या आणि त्यावर गवत, भाताचा पेंढा किंवा सागाची पाने अंथरायची. खिळा कुठेच नाही; सगळे वेलींनी आणि सालीच्या दोरांनी बांधलेले. पावसाळा संपल्यावर कापून ठेवलेले गवत पाऊस तोंडावर आला की शाकारणीला काढत. हे काम एकट्याच्या घरचे नव्हते, शेजारपाजारचे हात लागत. चुलीचा धूर गवतातून हळूहळू झिरपत बाहेर पडे आणि जाताना बांबूला कीड लागू देत नसे. गवताचे दोष दोनच, पण मोठे: ते एक-दोन पावसाळ्यांत कुजते आणि ठिणगीने पेटते.

त्यानंतरचे छप्पर नळीच्या कौलांचे. कुंभार चाकावर एका टोकाला निमुळती पोकळ नळी काढतो, ती अर्धवट सुकली की उभी चिरून तिची दोन कौले करतो आणि भट्टीत भाजतो. छपरावर एक ओळ उताणी, तिच्या सांध्यांवर दुसरी पालथी. ही कौले फक्त स्वतःच्या वजनावर बसतात. वारा आणि माकडे ती सरकवतात, म्हणून दर उन्हाळ्यात घर चाळावे लागते: सगळी कौले उतरवायची, फुटकी काढायची, खालचा कचरा झाडायचा आणि पुन्हा रचायची. आग लागण्याची भीती गेली, वार्षिक मेहनत राहिली.

ती मेहनत कमी केली मंगलोरी कौलाने. या कौलाचा वंश युरोपातला. फ्रान्समधील अल्सासच्या जिलार्दोनी बंधूंनी 1841 मध्ये एकमेकांत अडकणाऱ्या सपाट कौलाचे पेटंट घेतले. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी 1865 मध्ये मंगळूरच्या जेप्पू येथे नेत्रावतीकाठच्या चिकणमातीपासून तसली कौले यंत्रावर काढायला सुरुवात केली. पुढे तेथे इतर कारखाने निघाले आणि ही कौले समुद्रमार्गे मुंबईला येऊ लागली. नंतर गुजरातेत मोरबीलाही ती होऊ लागली. डोंगरातील पाड्यांवर मात्र ती उशिरा पोचली, कारण ती गाडीरस्त्यानेच आणावी लागत.

मंगलोरी कौलाच्या खालच्या बाजूला उंचवटा असतो, तो सागवानी रिपेवर अडकतो. कडेच्या पन्हळी शेजारच्या कौलात बसतात. आढ्यावर कोने ठेवून चुन्याने किंवा सिमेंटने सांधले की काम पुरे. स्वयंपाकघरावर मधेच एक काचेचे कौल बसवले की चुलीपाशी दिवसा उजेड पडतो, आणि धुराला सांध्यांतून वाट राहतेच. एका चौरस मीटरला साधारण 15 कौले लागतात, म्हणजे 35 ते 40 किलो, आणि भिजली की आणखी. गवतासाठी बांधलेल्या बांबूच्या सांगाड्याला हे वजन नीट पेलवत नाही. छप्पर बदलायचे तर वासे चिरीव लाकडाचे आणि रिपा एकसारख्या अंतरावर हव्यात, म्हणजे सगळा सांगाडाच नवा. म्हणूनच पाड्यावर मंगलोरी छप्पर ही ऐपतीची खूण ठरली.

लाकडाची टंचाई वाढत गेली आणि पत्र्याने जागा घेतली. लोखंडी पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे 5 किलो. पातळ लाकडावर तो एका दिवसात चढतो आणि माकडांना दाद देत नाही. पण दुपारी त्याखाली बसवत नाही, पावसात बोलणे ऐकू येत नाही. नीट न आवळलेला पत्रा वादळात उडतो. मे 2021 च्या तौक्ते वादळात पालघर जिल्ह्यातील अनेक घरांनी हे भोगले. अ‍ॅस्बेस्टॉसयुक्त सिमेंटचा पत्रा किंचित थंड असतो, पण तो कापताना किंवा फोडताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक आहे.

आता घरकुल योजनांमुळे स्लॅब आली आहे. इंदिरा आवास योजनेची जागा 2016 मध्ये घेणाऱ्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सुरुवातीला सपाट भागात 1.20 लाख आणि डोंगराळ, दुर्गम भागात 1.30 लाख रुपये साहाय्य आणि किमान 25 चौरस मीटरचे घर ठरवण्यात आले. स्लॅबला शाकारणी नाही, चाळणे नाही. मात्र दहा सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन चौरस मीटरला सुमारे 250 किलो, म्हणून पाया आणि खांब चोख लागतात. शेजारच्या डहाणू-तलासरीत नोव्हेंबर 2018 पासून जाणवलेल्या भूकंपाच्या धक्क्यांनंतर या बाबतीत हयगय परवडणारी नाही. शिवाय सपाट स्लॅबवर पाणी तुंबते, भिंती उघड्या भिजतात आणि चुलीच्या धुराला वाट उरत नाही. पुष्कळ घरांत चूल मागच्या पडवीत गेली आहे.

एवढ्या पावसाला आणि एवढ्या उन्हाला मंगलोरी कौलाइतके जुळणारे छप्पर या भागाला दुसरे मिळालेले नाही. घरकुलात स्थानिक साहित्याच्या रचनेला वाव आहे. लाकडाऐवजी लोखंडी कैच्या आणि अँगलच्या रिपा वापरून त्यावर कौल घालता येते, आणि घरकुलाचा आराखडा ठरतानाच ग्रामसभेने हा पर्याय मागून घ्यावा.