कांजिण्यांचा विषाणू जातो कुठे?

कांजिण्यांच्या खपल्या पडल्या की मूल बरे झाले असे आपण म्हणतो. पण विषाणू शरीरातून गेला का?

घरात मोठ्या माणसाला नागीण झाली की पाठोपाठ मुलांना कांजिण्या येतात, हे बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ बोकाय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टिपले होते. दोन्हींचा विषाणू एकच आहे, हे अमेरिकेत थॉमस वेलर यांनी १९५०च्या दशकात दाखवले. मग मोठ्यांना हा विषाणू मिळतो कुठून?

इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर या छोट्या गावचे डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांनी १९४७ ते १९६२ अशी सोळा वर्षे नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली. रुग्ण भरले १९२. कांजिण्यांची साथ येते आणि ओसरते. नागीण मात्र वर्षभर तुरळक होत राही. शिवाय वयाबरोबर तिचे प्रमाण वाढत होते. म्हणजे ही बाहेरून झालेली लागण नव्हे. बालपणीचा विषाणू कण्यालगतच्या चेतापेशींच्या पुंजक्यांत दडून राहतो, प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते आणि ती क्षीण झाली की तो उसळतो, असा तर्क त्यांनी १९६५ मध्ये मांडला.

पुरावा पुढे मिळाला. १९८३ मध्ये मृत व्यक्तींच्या चेतापुंजक्यांत या विषाणूचा डीएनए सापडला. १९८४ मध्ये एकाच रुग्णाच्या कांजिण्यांतील आणि नंतरच्या नागिणीतील विषाणूंचा डीएनए जुळला.

पहारा कोण करते, हेही उलगडले. रक्तातील प्रतिपिंडे म्हातारपणीही टिकून असतात. उणावतो तो टी-पेशींचा प्रतिसाद. २००५ मध्ये साठी ओलांडलेल्या ३८ हजारांहून अधिक लोकांवरील चाचणीत लशीमुळे नागिणीचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. लस दडलेला विषाणू काढून टाकत नाही. पहारेकऱ्यांना पुन्हा सज्ज करते.

नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, असा आपल्याकडे समज आहे. एक पुंजका शरीराच्या एकाच बाजूच्या पट्ट्याशी जोडलेला असतो. म्हणून फोड सहसा मध्यरेषेपाशीच थांबतात. क्वचित ते पलीकडे गेले तरी वेढा पूर्ण झाला म्हणून मरण येते, यात तथ्य नाही.

वर्गात एक उपक्रम करता येईल. घरातील मोठ्यांना कांजिण्या आणि नागीण कोणत्या वयात झाली, हे मुलांनी विचारून यावे आणि दोन्ही वयांचे आलेख शेजारी शेजारी काढावेत. होप-सिम्पसन यांच्यापाशी सुरुवातीला याहून फार वेगळे साधन नव्हते.