वाटेवरची चूल

प्रवासातील सुखांची गणना करताना लोक नद्या, डोंगर आणि देवळे यांची नावे घेतात. मुक्कामावर स्वतःच्या हाताने रांधलेल्या अन्नाचे नाव सहसा कोणी घेत नाही. आगगाडी येण्यापूर्वी मात्र मराठी प्रवाशाच्या दिवसाचा सारा क्रम या एका गोष्टीभोवती फिरत असे. पहाटे निघावे, ऊन चढण्याच्या आत होईल तेवढी मजल मारावी, आणि विहीर, सावली व सरपण ही तिन्ही जेथे एकत्र सापडतील तेथे तीन दगड मांडावेत, हा त्या काळचा शिरस्ता होता.

निघताना घरून मिळे ती शिदोरी. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, धपाटे, लाडू असे दोनतीन दिवस टिकणारे पदार्थ तीत असत. ती संपली की शिध्याचा काळ सुरू होई. शिदोरी म्हणजे शिजलेले अन्न, शिधा म्हणजे न शिजलेले. पीठ, डाळ, तांदूळ, मीठ आणि साधले तर थोडे तूप. सामानही बेताचेच असे. विहिरीसाठी तांब्या आणि दोरी, एक पातेले, एक तवा, एक पळी. भांडे जितके कमी तितके ओझे हलके, आणि या एका अडचणीतूनच वाटेवरची पाककला घडत गेली.

माळव्यातील बाटी हे तिचे उत्तम उदाहरण होय. तिला पोळपाट नको, लाटणे नको, तवाही नको. घट्ट मळलेल्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत सोडावेत, फिरवीत राहावेत, आणि तडकले की राख झटकून तुपात बुडवावेत. तोवर शेजारच्या एकुलत्या एका पातेल्यात डाळ शिजून तयार होते. वऱ्हाड-खानदेशातील रोडगे याच कुळातले. पानांत गुंडाळून भाजलेले पानगेही त्यांचेच भाऊबंद. निखाऱ्यांत वांगे खुपसले की भरिताची सोय झाली. वारा वाहत असेल तेव्हा चुलीचे तोंड कोणत्या बाजूस करावे, पावसाळ्यात वाळके सरपण कोठे शोधावे, हे ज्ञान पोथीतून येत नसे. ते वाटेवरच मिळे. चार कोस चालून आलेल्या भुकेला हा साधा स्वयंपाक पक्वान्नासारखा लागे, यात नवल नाही.

या प्रवासाचे प्रसिद्ध चित्र विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात आढळते. पेणजवळच्या वरसई गावचे हे गरीब भिक्षुक १८५७ मध्ये आपले चुलते रामभट यांच्यासह उत्तरेकडे निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल व घरचे ऋण फिटेल, अशी आशा होती. वाटेत बंडाचा वणवा पेटला आणि द्रव्यासाठी निघालेले हे भटजी झाशीच्या वेढ्यात सापडले. काल्पीनजीक एका विहिरीवर त्यांना तहानलेल्या राणी लक्ष्मीबाई भेटल्या. ते पाणी काढून देण्यास पुढे झाले. राणीने विद्वान ब्राह्मणाकडून पाणी ओढून घेण्याचे नाकारले आणि स्वतः ते काढले, असे त्यांनी लिहिले आहे. राज्य गेलेली राणी आणि लुटला गेलेला भिक्षुक यांना त्या क्षणी सारखीच निकड होती ती एका दोरीची व एका मडक्याची. ही हकीकत १८८३ मध्ये लिहून झाली आणि चिंतामणराव वैद्य यांनी ती १९०७ मध्ये प्रसिद्ध केली.

एवढ्या दूरचा प्रवास गरिबालाही करता येई, याचे श्रेय वाटेवरील दानधर्माला द्यावे लागेल. १७६७ ते १७९५ या काळात इंदूर राज्याचा कारभार पाहणाऱ्या अहिल्याबाई होळकर यांनी आपल्या राज्याबाहेरही तीर्थक्षेत्री घाट, विहिरी व धर्मशाळा बांधल्या आणि अन्नछत्रे घातली. ठिकठिकाणी सदावर्ते चालत. तेथे वाटसरूस कोरडा शिधा मिळे. शिधा कोरडाच का, याचे उत्तर सोपे आहे. शिजलेले अन्न कोणाच्या हातचे, हा प्रश्न लगेच उभा राही. पिठाला आणि डाळीला तो नडत नसे. म्हणून दात्याचे धान्य कोणाच्याही झोळीत पडू शके. परंतु तेच धान्य शिजू लागले की एकाच आमराईत दहा चुली पेटत, आणि एका चुलीची सावली दुसरीवर पडू नये म्हणून जपले जाई. स्वहस्ते रांधण्याच्या सुखामागे ही भिंतही उभी होती.

ज्यांना विहिरीची पायरीच बंद होती, त्यांच्या वाट्याला ते सुखही आले नाही. १९०१ मध्ये दहाएक वर्षांचे भीमराव आंबेडकर आपला भाऊ व भाचे यांच्यासह साताऱ्याहून वडिलांना भेटण्यास निघाले. मसूर स्थानकावरून पुढे बैलगाडीचा प्रवास होता. मुलांजवळ घरून दिलेले अन्न भरपूर होते. पण जातीमुळे वाटेत प्यायला पाणी कोणी दिले नाही आणि पाण्यावाचून ते अन्न खाता आले नाही. भरल्या डब्याशेजारी ती मुले उपाशी निजली. ही आठवण बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे.

१८५३ मध्ये मुंबई–ठाणे आगगाडी धावली आणि पुढे लोहमार्ग जसजसे पसरले तसतशा वाटेवरच्या चुली विझत गेल्या. धावत्या डब्यात तीन दगड मांडता येत नाहीत. कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये इकमिक कुकर तयार केला. थोड्या कोळशावर त्याच्या डब्यांत वरण, भात, भाजी एकदम शिजे. अशा साधनांनी प्रवासातील घरच्या जेवणाची हौस काही काळ टिकवली.

चुलीची परंपरा आजही नांदते ती पंढरीच्या वाटेवर. ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप देणारे हैबतबाबा आरफळकर हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरचे. आणि घोडे, तंबू व नैवेद्य यांची सेवा पुरवणारे शितोळे सरकार बेळगाव भागातील अंकलीचे. तुकोबांच्या पालखीला यवतचे गावकरी पिठले-भाकरी वाढतात. दिंडीतील स्वयंपाकाचे सामान आता मालमोटारीतून पुढे जाते, दगडांच्या जागी गॅसची शेगडी आली आहे.

तथापि भिंतीचा प्रश्न येथेही सुटला नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यास इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात आपल्या दिंडीचे वर्णन केले आहे. दिवसभर एका सुरात अभंग म्हणणारी ब्राह्मण व मराठा मंडळी जेवणाच्या वेळी वेगळी होत, याचे शल्य त्यांना बोचले. त्या मराठा बायकांच्या पंक्तीस जेवल्या, आणि त्यानंतर त्या बायका अधिक मोकळेपणाने त्यांच्याशी बोलू लागल्या. एवढ्या लांबच्या वाटचालीत जे अंतर तुटत नव्हते ते त्या दिवशी एका पंक्तीत तुटले.