महूच्या वाटेने गेलेले आमचे धाकटे घर

ज्ञातिबांधवांच्या कित्येक घरांत एखादे नाव असे असते की ते श्राद्धाच्या दिवशी घेतले जात नाही आणि वंशावळीतही लिहिले जात नाही. आमच्या घरात असे नाव आमच्या पणजोबांच्या धाकट्या बंधूंचे होते. आम्हांस लहानपणी एवढेच सांगण्यात आले की, थोरल्या दुष्काळात ते घरातील एकुलती एक कात्री व आईच्या हातातील चांदीच्या पाटल्या घेऊन रातोरात निघून गेले आणि आई वारली तेव्हाही फिरकले नाहीत. हे सांगताना आमच्या आजीचा स्वर असा बदलत असे की पुढे विचारण्याचा धीर कोणास होत नसे.

हा दुष्काळ म्हणजे १८७६ ते ७८ चा. १८७६ साली पाऊस फिरला तो सोलापूर, सातारा, नगर, पुणे या जिल्ह्यांत विशेष. आमचा खटाव तालुका एरवीही पर्जन्यछायेतला, तेथे काय शिल्लक राहणार? सरकारने खडी फोडण्याची व तलावांची कामे काढली, पण सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरांचे धान्य दिवसाला एक पौंडावर आणण्याचा आग्रह धरला आणि मुंबई इलाख्यात लोकांनी कामे सोडून देण्यापर्यंत पाळी आली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी व न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने गावोगावची हकीकत गोळा करून सरकारपुढे मांडली, हे इतिहासाच्या पुस्तकांत आहे. पण अशा काळात शिंप्याचे काय होते, हे मात्र त्या पुस्तकांत फारसे आढळत नाही. गावगाड्यात आमची गणना अलुतेदारांत. बलुतेदारांसारखा खळ्यावरचा हक्क आमचा पक्का नव्हता. ज्याच्या पोटाला नाही, तो अंगाला काय शिवणार? तेव्हा गावातली पहिली थंडावली ती सुई, नांगर त्यानंतर.

सन २०११ मध्ये आमच्या मातोश्री निवर्तल्या. अस्थिविसर्जनासाठी आम्ही नाशिकास रामकुंडावर गेलो. तेथील तीर्थोपाध्यायांची पद्धत वाचकांस माहीत आहेच. गाव व आडनाव सांगताच आपले उपाध्ये कोण ते ठरते, ते आपल्या घराण्याची वही काढतात आणि पूर्वी कोण कोण आले, कोणाचे कार्य केले, सोबत कोण होते, हे वाचून दाखवितात. मग आपणही आपले नाव, भाऊ, मुले लिहून खाली सही करावयाची. काशी, प्रयाग, गया, हरिद्वार येथेही हाच प्रघात असून, त्यांतील कित्येक वह्यांची सूक्ष्मचित्रे अमेरिकेतील यूटा येथील वंशावळी जतन करणाऱ्या संस्थेने घेतली आहेत. आमच्याकडे मात्र घरची वंशावळ चहाच्या डब्यात ठेवून ती वाळवीस देण्याची चाल आहे. असो.

जुनी पाने मोडीत होती. आम्ही जुन्या अकरावीपर्यंत शिकलेले, मोडी आम्हांस शाळेत नव्हती. निवृत्तीनंतर एका वर्गास बसून जेमतेम अक्षरे लागू लागली होती. ओळ आधी आखून तिला अक्षरे टांगलेली, शब्दाशब्दांत फट नाही आणि ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाही. उपाध्ये सरावाने झरझर वाचीत होते. वाचता वाचता त्यांनी जे नाव उच्चारले ते ऐकून आमच्या हातातील दर्भ खाली पडला.

शके १८०० ची ती नोंद होती, म्हणजे १८७८ चा सुमार. धाकट्या बंधूंनी मातोश्रींचे तीर्थश्राद्ध केल्याचे तीत लिहिले होते. खाली ‘वडील बंधू’ म्हणून आमच्या पणजोबांचे नाव, त्यांच्या थोरल्या मुलाचेही नाव, आणि शेवटी ‘हल्ली वस्ती महू छावणी’. आई वारली तेव्हा जो फिरकला नाही म्हणून तीन पिढ्या बोल लावला, तो रामकुंडावर येऊन तिचे पिंड देऊन गेला होता, आणि नाव लिहिताना थोरल्या भावास विसरला नव्हता. पुढे शके १८३४ मध्ये त्यांच्या मुलाची नोंद होती. आणि १९६८ ची, स्वच्छ बाळबोध अक्षरांत, नातवाची, इंदुरातील पत्त्यासह.

महूच का, असा प्रश्न वाचकांस पडेल. ही छावणी इंग्रजांनी १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर वसविली. पलटण आली की डगले, तुमानी, तंबू आलेच आणि त्यांस शिवणारा हातही आला. मुंबईहून खांडव्यापर्यंत आगगाडी १८७० पर्यंत धावू लागली होती. खांडव्याहून इंदुराकडील लोहमार्गासाठी तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी सरकारास एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, आणि ते काम याच दुष्काळाच्या वर्षांत चालले होते. मराठी माणसांची तेथे वस्ती होतीच, डॉ. आंबेडकर १८९१ साली जन्मले ते महूसच, वडील पलटणीत होते म्हणून.

आम्ही इंदुरास पत्र धाडले. ‘पत्ता सापडत नाही’ असा शेरा घेऊन ते परत आले. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘अहो, नाशिकला नाव कळलं ना, आता पुरे.’ पण आमची झोप गेली होती.

पुढील वर्षी आमच्या पुतणीसाठी समाजाच्या वधूवर सूचीतून एक स्थळ सुचविले गेले. मुलगा इंदूरचा, अभियंता, घर चांगले. आडनाव भिन्न, आमच्याच गावाच्या नावास ‘कर’ लावून झालेले. पत्रिका जुळत होती, बैठकीचा दिवसही ठरत आला होता. मूळ गावाच्या रकान्याकडे आमचे लक्ष गेले आणि आम्ही आजोबांचे नाव विचारले. वहीतील १९६८ ची सही त्यांचीच! सख्ख्या भावांच्या वंशातील पाचव्या पिढीची ही मुले, एकमेकांची भावंडेच. वही पाहिली नसती तर काय प्रसंग ओढवला असता, याचा विचारही नको वाटतो. सूचीत जुने आडनाव व कुलदैवत यांचे रकाने सक्तीने भरून घ्यावेत, अशी आमची कार्यकारिणीस तेव्हापासून विनंती आहे.

१९६८ ची सही करणारे ते गृहस्थ नात्याने आमचे चुलते. २०१३ च्या उन्हाळ्यात ते ब्याऐंशीव्या वर्षी गावी आले. त्यांच्या मराठीत माळवी हेल होता, आणि आम्ही त्यांना ‘काका’ म्हणताच ‘तुम्ही’चे ‘तू’ झाले. त्यांच्या घरची कथा आमच्या कथेच्या अगदी उलट होती. थोरल्या भावानेच कात्री हाती देऊन ‘एक तोंड कमी होईल’ म्हणून पाठविले. पाटल्या सावकाराकडे थोरल्यानेच गहाण टाकल्या. पुढे मनिऑर्डरची सोय झाल्यावर महूहून तीन वर्षे पैसे येत होते, पोच कधी आली नाही. आमच्या चुलतभावास हे ऐकवेना, तो उठून ओसरीवर गेला.

इतिहास शिकविणाऱ्या माणसाने येथे काय म्हणावे? पाटल्यांचा व पैशांचा पुरावा दोन्ही बाजूंस नाही. सांगोवांगी दोन्हीकडची सारखीच. लेखी आहे ती एकच गोष्ट, आणि ती धाकट्याच्या बाजूची आहे. आमच्या पणजोबांनी नाशिकास भावाचे नाव लिहिल्याचे आम्हांस कोठे आढळले नाही. आम्ही ते सर्वांसमक्ष सांगितले. काकांनी घराच्या हिश्श्याचा विषय काढला नाही, आणि आम्हीही त्या दिवशी काढला नाही. तो अद्याप तसाच आहे.

२०१५ च्या सिंहस्थात दोन्ही घरची माणसे मिळून रामकुंडावर गेलो. उपाध्यायांनी विचारले, ‘आडनाव कोणते लिहू?’ काका म्हणाले, ‘दोन्ही लिहा.’ नोंद आम्ही लिहिली, सही त्यांनी केली. हात कापत असल्याने ती लांबत जाऊन पानाबाहेर गेली. परतताना त्यांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली कात्री काढून आमच्यापुढे धरली. पाती घासून घासून निम्मी राहिली होती, कडीला अंगठ्याचा खळगा पडला होता. आम्ही ती हातात घेऊन पाहिली आणि परत त्यांच्या पिशवीत ठेवली.