नोंदवही, सूची आणि पडताळा : महाराष्ट्रातील वैद्यकीय पात्रतेचा इतिहास व निद्रा-तंत्रज्ञांचा प्रश्न

‘पडताळा’ हा शब्द मराठीत हिशेबाच्या व्यवहारातून रूढ झालेला आहे. एका रीतीने काढलेले उत्तर दुसऱ्या, स्वतंत्र रीतीनेही तेच येते की नाही हे पाहणे, हा त्याचा गाभा होय. या अर्थाने पाहता, उमेदवाराने पुढे केलेले प्रमाणपत्र पुन्हा एकदा वाचणे हा पडताळा नव्हे. ते देणाऱ्या संस्थेचे दप्तर, त्या संस्थेला मान्यता देणारी सत्ता आणि त्या माणसाचे प्रत्यक्ष कौशल्य या तिन्हींची साक्ष जुळली, तरच ताळा जमला असे म्हणता येते. वैद्यकाच्या क्षेत्रात ही साक्ष जुळवण्याचे साधन म्हणून ‘नोंदवही’ अस्तित्वात आली. तिचा महाराष्ट्रातील इतिहास आज एका नव्या व्यवसायाच्या संदर्भात पुन्हा तपासण्याजोगा झाला आहे.

हा व्यवसाय निद्रा-तंत्रज्ञाचा. पुण्यासारख्या शहरांतील निद्रा-प्रयोगशाळांत रुग्णाच्या मस्तकावर, डोळ्यांशेजारी व हनुवटीवर विद्युदग्रे लावून, नाकाजवळील श्वासप्रवाह, छातीची हालचाल व रक्तातील प्राणवायूचे प्रमाण तो रात्रभर नोंदवीत असतो. पुढे ही नोंद 30 सेकंदांच्या खंडांत विभागून प्रत्येक खंडाची निद्रावस्था ठरवली जाते. आठ तासांच्या नोंदीचे असे 960 खंड होतात. श्वास 10 सेकंद वा अधिक काळ किती वेळा खंडित झाला, याची मोजदादही याच कामात येते. डॉक्टरचे निदान या मोजणीवर उभे असते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे : वैद्याची पारख रुग्ण निदान बोलण्यावरून तरी करू शकतो, या तंत्रज्ञाचे काम चालू असता रुग्ण निद्रिस्त असतो. त्यामुळे येथे रुग्णाला पडताळ्याखेरीज दुसरा आधार नाही.

हे शास्त्रही अर्वाचीनच. 1953 साली असेरिन्स्की व क्लाइटमन यांनी शीघ्र नेत्रचलनाची निद्रा दाखवून दिली. 1968 साली रेक्टशाफेन व केल्स यांनी संपादित केलेल्या पुस्तिकेमुळे निद्रावस्था ठरवण्याची सर्वमान्य पद्धत सिद्ध झाली. त्यानंतर दहाच वर्षांत, 1978 साली, अमेरिकेतील तंत्रज्ञांनी आपली संघटना स्थापन केली आणि 1979 साली पहिली परीक्षा घेतली. म्हणजे तेथे पडताळ्याचा आरंभ व्यवसायाच्या आतून झाला. महाराष्ट्रातील वैद्यकीय नोंदणीचा इतिहास मुख्यतः याच्या उलट दिशेने, कायद्याकडून व्यवसायाकडे, गेलेला दिसतो.

ब्रिटनमध्ये 1858 च्या वैद्यकीय कायद्याने राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. त्याच धर्तीवर 1912 साली मुंबई इलाख्यात वैद्यकीय कायदा झाला. हिंदुस्थानात अशा प्रकारचा हा पहिला प्रांतिक कायदा होय. त्याने मुंबई वैद्यकीय परिषद स्थापन केली आणि पाश्चात्त्य वैद्यकाच्या मान्य पदव्या धारण करणाऱ्यांची नोंदवही ठेवण्याचे काम तिच्याकडे सोपवले. नोंद नसलेल्याने रोग्यास औषध देऊ नये, असे मात्र या कायद्याने म्हटले नाही. कायद्यास आवश्यक अशी वैद्यकीय प्रमाणपत्रे देण्यासारखे अधिकार तेवढे नोंदणीकृतांकडे राहिले. 1916 च्या केंद्रीय कायद्याने अनधिकृत संस्थांनी पाश्चात्त्य वैद्यकाच्या पदव्या देण्यास बंदी घातली. या दोन कायद्यांनी कागदाचा कागदाशी ताळा जमवण्याची सोय झाली. परंतु ज्यांच्याजवळ त्या प्रकारचा कागदच नव्हता, त्यांचा प्रश्न तसाच राहिला.

पुण्यात हा प्रश्न विशेष तीव्र होता. 1921 साली स्थापन झालेल्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाने राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून आयुर्वेदाचे अध्यापन आरंभले आणि 1933 साली टिळक आयुर्वेद महाविद्यालय उभे राहिले. याखेरीज गुरूपाशी वा घराण्यात विद्या संपादन केलेले, कोणतीही पदवी नसलेले वैद्य गावोगाव होते. 1938 च्या मुंबई वैद्यक व्यवसायी कायद्याने या सर्वांचा विचार केला. त्याने दोन स्वतंत्र दप्तरे कल्पिली. भारतीय वैद्यकपद्धतींच्या पात्र व्यवसायिकांसाठी ‘नोंदवही’ होती आणि विहित पात्रता नसता आधीपासून व्यवसाय करीत आलेल्यांसाठी ‘सूची’ होती. या दोहोंबाहेरील व्यक्तीस व्यवसायाची मनाई करण्याची तरतूदही त्यात होती. 1961 चा महाराष्ट्र कायदा त्याच्या जागी आला, तेव्हाही सूचीची कल्पना टिकून राहिली.

या व्यवस्थेचे मर्म तिच्या भाषेत आहे. नोंदवही म्हणते, ‘हा शिकलेला आहे’. सूची म्हणते, ‘हा करीत आला आहे’. ही दोन विधाने वेगळी असून दोन्ही खरी असू शकतात. कायद्याने ती वेगळ्या पानांवर लिहिली, म्हणून अनुभवी माणसाची उपजीविका राहिली आणि पदवीचा अर्थही राहिला. लोकव्यवहारात मात्र हा भेद पुसट झाला. ‘रजिस्टर्ड मेडिकल प्रॅक्टिशनर’ या शब्दांची ‘आर. एम. पी.’ ही आद्याक्षरे पाट्यांवर आली आणि सामान्य माणसाने ती पदवी म्हणून वाचली. वास्तविक ती नोंदीची निर्देशक होती, विद्येची नव्हे.

परिचारिकांच्या बाबतीत क्रम निराळा आढळतो. 1909 साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले व त्याच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. परिचारिका, सुइणी व आरोग्यभेटिका यांच्या नोंदणीचा मुंबईचा कायदा झाला तो 1935 साली. येथे शिक्षण आधी आले आणि नोंदवही मागाहून आली. साहजिकच नोंदवहीला पडताळण्यासारखे काही हाती लागले.

पुण्याच्या भैरामजी जीजीभाई वैद्यकीय शाळेचे उदाहरणही उद्बोधक आहे. तेथील विद्यार्थी मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची ‘एल. सी. पी. एस.’ ही पदविका घेत. 1946 साली भोर समितीने एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर असावा, अशी शिफारस केली. त्याच वर्षी या शाळेचे महाविद्यालय झाले. पदविका कालांतराने बंद पडली, पण पूर्वीच्या पदविकाधारकांची नावे नोंदवहीतून गेली नाहीत. मानदंड उंचावणे आणि पूर्वी मिळालेला अधिकार राखणे या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे यावरून दिसते.

निद्रा-तंत्रज्ञाला कायद्यात नाव मिळाले ते 2021 च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात. त्याच्या परिशिष्टात मेंदूच्या विद्युत्‌लेखनाचे काम करणाऱ्या तंत्रज्ञांच्या गटात निद्रा-प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाचा उल्लेख आहे. संलग्न आरोग्य-व्यवसायिकासाठी किमान 2000 तासांचे शिक्षण या कायद्याने ठरवले असून केंद्रीय व राज्य नोंदवह्यांची तरतूद केली आहे. नाव मिळाल्याखेरीज पडताळणी आरंभच होऊ शकत नाही. म्हणून हे पाऊल महत्त्वाचे होय.

तथापि 2000 तासांची मोजणी हा कागदाचाच ताळा आहे. प्रयोगशाळेत वरिष्ठाशेजारी बसून वर्षानुवर्षे रात्रपाळ्या केलेल्या तंत्रज्ञाला नोंदवहीबाहेर ठेवल्यास विद्या वाया जाते. त्याला पदवीधराच्याच ओळीत निमूटपणे बसवल्यास नोंदवहीचा शब्द फोल ठरतो. 1938 च्या कायद्याने दाखवलेला मार्ग, म्हणजे वेगळे पान, स्पष्ट नाव आणि प्रवेशाची ठरलेली मुदत, येथेही उपयोगी पडण्यासारखा आहे. त्याला एका गोष्टीची जोड मात्र हवी. वैद्याच्या उपचाराचा पडताळा घेणे अवघड होते. निद्रा-तंत्रज्ञाच्या कामाचा घेता येतो, कारण रात्रीची नोंद जतन होते आणि तेच 960 खंड दुसऱ्या जाणकाराकडून स्वतंत्रपणे तपासून घेता येतात. शिकलेला आणि करीत आलेला या दोघांनाही लागू पडणारी ही एकच कसोटी आहे, आणि ‘पडताळा’ या शब्दाचा मूळ अर्थ तिच्यातच पुरा होतो.