लोखंडाची राखण

मनुष्याने लोखंड कसे मिळविले हे इतिहास मोठ्या अभिमानाने सांगतो. मिळविलेले लोखंड त्याने राखले कसे, याची कथा मात्र फारशी कोणी सांगत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर चार महिने पाऊस झेलणाऱ्या चंदगडच्या मुलखात हा प्रश्न पुस्तकी नव्हे. येथे ज्याचा विळा, रंधा वा लेथ गंजला, त्याची भाकरीच गंजली.

याच तालुक्यातील पारगडावर तानाजी मालुसऱ्यांची म्हणून एक तलवार त्यांच्या वंशजांनी जपली आहे. तानाजी १६७० साली सिंहगडावर पडले. तेव्हापासून साडेतीनशे पावसाळे उलटले. इतका काळ पोलाद केवळ स्वतःच्या गुणाने टिकत नाही. दर पिढीचा हात त्यावरून फिरावा लागतो. खंडेनवमीचा एक अर्थ आम्ही असाच लावतो. पाऊस ओसरतो त्या आश्विनात हत्यारे घासूनपुसून पूजेस मांडावयाची, म्हणजे गंज काढण्याचा दिवस धर्मानेच नेमून दिला!

गंजास पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. हवेची सापेक्ष आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांवर गेली की उघड्या लोखंडावर डोळ्यांस न दिसणारा पाण्याचा पापुद्रा बसतो. घामातील मीठ त्याला साहाय्य करते. तेलाचा हात फिरविला की ही वाट अडते.

दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडातील स्फुरदामुळे त्यावर रक्षक थर बसला, असे कानपूरचे प्रा. बालसुब्रमण्यम यांनी दाखविले. १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेलने लोखंडास जस्ताचा मुलामा देण्याचे पेटंट घेतले. तेथे जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचते. १९१३ साली शेफील्डच्या ब्रिअर्लीने क्रोमियम मिसळून न गंजणारे पोलाद ओतले.

परंतु लेथच्या बिडाच्या घासलेल्या पाटांवर जस्त चढविता येत नाही, कारण तेथे केसाएवढी जाडीही माप बिघडविते. म्हणून एवढ्या शोधांनंतरही कारखान्यात जुनाच नेम चालतो: संध्याकाळी कीस झाडावा, घामाचे ठसे पुसावे, तेलाचे बोट फिरवावे, आणि ओल्या गोणपाटावर हत्यार कधीही ठेवू नये.

यंत्र विकत घेता येते. त्याची राखण विकत मिळत नाही. ती रोजच्या हातानेच करावी लागते.