जाहिरातीचा शब्द

माल कितीही उत्तम असला तरी त्याचे नाव चार लोकांच्या कानी पडल्यावाचून तो खपत नाही, ही गोष्ट व्यापाराइतकीच जुनी आहे. पूर्वी गावात दवंडी पिटली जाई. डफाचा आवाज ऐकून लोक उंबऱ्यापर्यंत येत आणि क्षणभर थांबत. तेवढ्या अवकाशात काय सांगावयाचे ते सांगून टाकावे लागे. आज डफाची जागा हातातील दूरध्वनीने घेतली आहे. दिवाळी जवळ आली की आमच्या मनीषनगरातील मिठाईवाल्यापासून थेट परदेशातील बड्या पेढीपर्यंत प्रत्येकाचा संदेश किंवा ई-मेल येऊन पडतो. तो उघडण्यापूर्वी एकच ओळ दिसते, आणि तो वाचावयाचा की पुसून टाकावयाचा, हे त्या ओळीवरच ठरते. साधन पालटले, परंतु अडचण तीच राहिली आहे. मोजक्या शब्दांत परक्या माणसाचा विश्वास कसा संपादन करावा, ही ती अडचण होय.

प्रथम 'जाहिरात' हा शब्दच पाहावा. तो अरबी-फारसीतून आपल्याकडे आला. 'जाहीर' म्हणजे उघड, प्रकट. त्याअर्थी जाहिरात करणे म्हणजे जे आहे ते उघड करणे. स्तुती करणे असा त्याचा मूळ अर्थ नव्हे. हा मूळ अर्थ विसरला गेल्याने काय घडले, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

आपल्या जुन्या मासिकांची मागील पाने चाळली, तर औषधांच्या जाहिरातींनी ती गजबजलेली दिसतात. 'रामबाण', 'अक्सीर', 'हमखास गुण', 'गुण न आल्यास पैसे परत' हे त्या पानांचे लाडके शब्द. रामाचा बाण व्यर्थ जात नाही, ही श्रद्धा घराघरांत असल्यामुळे 'रामबाण' म्हटले की पुराव्याची गरजच उरत नसे. शब्द प्रभावी होता यात संशय नाही. परंतु तो प्रभाव औषधाचा नव्हता, उसना आणलेल्या श्रद्धेचा होता. रोगी माणूस विचार करण्याच्या स्थितीत नसतो, आणि अशा वेळी त्याच्यापुढे हा शब्द ठेवला जाई. अखेर १९५४ साली औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींस आळा घालणारा कायदा करावा लागला. ठरावीक रोग बरे करण्याची ग्वाही देणाऱ्या जाहिराती, तसेच ताईत, मंत्र, कवच यांच्या चमत्कारांची जाहिरात, या कायद्याने निषिद्ध ठरविल्या. खोटा शब्द खपत नाही असे म्हणून आपण स्वतःचे समाधान करून घेतो. पण तो खपतो, आणि चांगला खपतो, म्हणूनच कायद्याची गरज पडते.

विलायतेत हाच प्रश्न बराच आधी न्यायासनापुढे गेला होता. १८९१ साली लंडनच्या कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीने जाहीर केले की, आमचे साधन सांगितल्याप्रमाणे वापरूनही ज्यास इन्फ्लुएंझा होईल त्यास १०० पौंड देऊ. आणि आमच्या सचोटीची खूण म्हणून १००० पौंड बँकेत ठेवले आहेत. कार्लिल नावाच्या बाईंनी ते साधन नियमाने वापरले, तरी त्यांना तो ज्वर आलाच. कंपनीने सांगितले की, ही केवळ जाहिरातीची फुशारकी होती. डिसेंबर १८९२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो बचाव नाकारला. बँकेत पैसे ठेवल्याचे तुम्हीच सांगितले, तेव्हा तुमचा शब्द हा करार होय, असा त्या निर्णयाचा आशय होता. कायद्याचे विद्यार्थी आपल्याकडेही हा खटला आजतागायत अभ्यासतात.

या खटल्यातून एक भेद स्पष्ट होतो. जाहिरातीतील शब्द दोन जातींचे असतात. एक स्तुतीचा, दुसरा वचनाचा. 'सर्वोत्कृष्ट', 'अप्रतिम', 'अद्वितीय' हे स्तुतीचे शब्द. यांची परीक्षा कोणास करता येत नाही, म्हणून ते बोलणाऱ्यास काही खर्च पडत नाही. 'इतके वजन', 'इतकी किंमत', 'या तारखेपर्यंत' हे वचनाचे शब्द. ते खोटे ठरले तर बोलणारा पकडला जातो. जो शब्द बोलणाऱ्यास बांधून घेतो, त्याचेच वजन ऐकणाऱ्याच्या मनावर पडते.

आपल्या महाराष्ट्रात या दुसऱ्या जातीच्या शब्दांची परंपरा आहे. स्वदेशीच्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी देशी उद्योगासाठी निधी जमविला. त्याचे नाव काय, तर 'पैसा फंड'! त्या नावातच मागणी किती, हे सांगून टाकले होते. गरिबातील गरिबासही आपण यात भागीदार होऊ शकतो असे वाटले, आणि त्या निधीतून १९०८ साली तळेगाव येथे काचेचा कारखाना उभा राहिला. कोणतेही भव्य संस्कृत नाव 'पैसा' या दोन अक्षरांइतके काम करू शकले नसते.

दुसरे उदाहरण किर्लोस्करांचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. स्तुतीच्या शब्दांनी अशी भीती जात नसते. ती माहितीने आणि अनुभवानेच जाते. पुढे १९२० साली त्यांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्करवाडीहून आपल्या मालाची माहिती देणारे पत्र काढले. त्याला त्यांनी नाव दिले 'किर्लोस्कर खबर'. खबर म्हणजे बातमी. पुढे 'खबर' हा शब्द गळला आणि 'किर्लोस्कर' या नावाने ते मराठीतील एक मान्यवर मासिक बनले. जाहिरातीच्या पोटी वाङ्मय जन्मास आल्याचे याहून चांगले उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

नागपूरकरांनी या इतिहासात एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. नोव्हेंबर १९६७ मध्ये आकाशवाणीच्या विविध भारतीवर व्यापारी जाहिराती प्रायोगिक स्वरूपात सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवर. नभोवाणीवर चित्र नाही, रंग नाही. सारा भार शब्दावर आणि आवाजावर. वेळही सेकंदांत मोजलेला. दवंडीची कला अशा रीतीने पुन्हा अवतरली.

आता आजच्या संदेशांकडे वळू. 'फुकट', 'फक्त आजच', 'शेवटची संधी' हे आजचे 'रामबाण' होत. रोज येणारी शेवटची संधी ही शेवटची नव्हे, हे शाळकरी मुलासही कळते. 'फुकट' या शब्दास तर जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियमांनी जखडले. प्रतिसाद देण्याचा अथवा वस्तू पोहोचविण्याचा अटळ खर्च वगळता ग्राहकास काहीही द्यावे लागत असेल, तर त्या वस्तूस फुकट म्हणता येत नाही. तसेच जाहिरात ज्या भाषेत, तिची अट-सूचनाही त्याच भाषेत असावी, असेही त्या नियमांत आहे. गोड बोलणे मराठीत आणि अटी इंग्रजीत, ही चलाखी त्यामुळे नियमबाह्य ठरली.

आपल्यापैकी ज्यांस लहानमोठा धंदा करावयाचा आहे, अथवा एखाद्या संस्थेचा निरोप लोकांपर्यंत पोहोचवावयाचा आहे, त्यांनी हा इतिहास ध्यानी घ्यावा. पहिल्याच ओळीत वस्तूचे नाव, किंमत आणि मुदत सांगावी. विशेषणे अर्धी करावीत. जो शब्द गिऱ्हाईक उद्या दुकानात येऊन आपल्या तोंडावर म्हणून दाखवील, तोच लिहावा. आणि वाचणाऱ्यांनी प्रत्येक ओळ वाचताना एवढेच विचारावे, की हा शब्द स्तुतीचा आहे की वचनाचा? वचनाचा असेल तर तो जपून ठेवावा, कामी येतो.